खारदांड्यातून घर घ्यायचे, तर हातात किती हवेत?

घराचा विषय निघाला की पहिला आकडा कानावर येतो तो २० टक्क्यांचा. ६० लाखांचे घर, त्यातले १२ लाख आपले आणि बाकीचे बँकेचे. मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात, म्हणजे आपल्या दांड्यात विचारा, शेजारच्या चुईम गावात विचारा, हेच उत्तर मिळते. या उत्तरावर भिस्त ठेवून वर्षानुवर्षे १२ लाख जमवलेले कुटुंब प्रत्यक्ष व्यवहाराला बसते, तेव्हा आणखी सहा ते आठ लाख लागतात. ते उभे करायला हाताशी जेमतेम महिना-दीड महिना असतो. मग बायकोचे दागिने गहाण पडतात, चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज निघते आणि नव्या घरातली पहिली दोन वर्षे हप्त्यांच्या धाकात जातात. हे सगळे टाळता येते. त्यासाठी खरा आकडा आधीच माहीत हवा.

दांड्यातल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट तितकीच मोठी आहे. इथला पैसा भिशीत असतो, दागिन्यांत असतो, घरमालकाला दिलेल्या हेवी डिपॉझिटमध्ये अडकलेला असतो, मासळीच्या रोख विक्रीतून आलेला असतो. तो कष्टाचा आणि खरा पैसा आहे, पण बँकेला तो दिसत नाही. म्हणून पैसा आणि त्या पैशाचा कागद, दोन्ही एकाच वेळी साठवावे लागतात. कागद मागे राहिला तर पुरेसा पैसा असूनही कर्ज अडते, किंवा महाग मिळते.

बँक किती देते

रिझर्व्ह बँकेने गृहकर्जाला मर्यादा घातल्या आहेत. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. या कमाल मर्यादा आहेत. बँकेला इमारत जुनी वाटली, मूल्यांकन कमी आले किंवा तुमचे उत्पन्न पुरेसे दिसले नाही, तर ती याहूनही कमी देते. मूल्यांकन आणि करारातली किंमत यांपैकी जी रक्कम कमी, तिच्यावर टक्केवारी मोजली जाते, हे विशेष लक्षात ठेवा.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते पुढच्या नियमात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हे खर्च घराच्या किमतीत धरून त्यांवर कर्ज देता येत नाही. अगदी १० लाखांच्या आतल्या घरांना तेवढी सूट आहे आणि मुंबईच्या परिसरात असे घर आता मिळत नाही. म्हणजे हे पैसे पूर्णपणे तुमच्या खिशातून जाणार.

६० लाखांचा पूर्ण हिशेब

खारमध्ये राहणारे बरेच जण मीरा रोडकडे बघतात, म्हणून तिथले उदाहरण घेऊ. भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीतला, पुनर्विक्रीचा, ६० लाखांचा वन बीएचके. कर्ज ४८ लाख, स्वतःचे १२ लाख. आता पुढे मोजा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. मीरा-भाईंदर, ठाणे या भागांत स्थानिक अधिभार धरून ते ७ टक्के पडते. म्हणजे ४ लाख २० हजार. करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर हे शुल्क लागते, म्हणून सौदा कितीही स्वस्तात पडला तरी रेकनर आधी तपासा. नोंदणी फी १ टक्का असते, पण तिची कमाल मर्यादा ३० हजार आहे. आपल्या उदाहरणात पूर्ण ३० हजार लागतील.

दलाली साधारण १ ते २ टक्के. १ टक्का धरला तर ६० हजार. दलालाचे महारेरात एजंट म्हणून नाव नोंदलेले आहे का ते पाहा आणि आकडा बोलणी सुरू होण्याआधी ठरवा, कारण घर पसंत पडल्यावर दलालीवर घासाघीस करायला जोर उरत नाही. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाची तपासणी आणि मूल्यांकन मिळून २५ हजार धरा. तारण नोंदवण्याचे मुद्रांक शुल्क कर्जाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असते, त्यासाठी १५ हजार. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क सहकार खात्याच्या २००१च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. ते कोणी भरायचे हे विकणाऱ्याशी बोलून ठरवा, अर्धे-अर्धे करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. काही सोसायट्या देणगीच्या नावाखाली लाख-दोन लाख मागतात. तशी सक्ती करता येत नाही. स्वतःचा वकील, टायटलचा शोध आणि मसुदा यांसाठी आणखी २५ हजार. इथे पैसे वाचवू नका. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुमच्या बाजूने तो बसलेला नसतो.

बेरीज १८ लाख होते. रंग, किरकोळ दुरुस्ती, पंखे-दिवे, गॅस आणि टेम्पो यांना दीड लाख धरले तर साडेएकोणीस. आणि दांड्यातल्या दर्यावर जाणाऱ्या घराने यात आणखी एक रक्कम मिळवलीच पाहिजे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्याला असते, खलाशाचा वाटा थांबतो, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. ४८ लाखांवर साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ४१,७०० रुपये येतो. दोन महिन्यांचे ८३ हजार वेगळे ठेवल्याशिवाय कर्जावर सही करू नका. एकूण आकडा २० लाखांच्या थोडा वर जातो. म्हणजे घराच्या किमतीचा तिसरा हिस्सा. २० टक्के विसरा आणि एक तृतीयांश डोक्यात ठेवा.

हाच हिशेब खारमध्येच केला तर? चौरस फुटाला ४५ हजार धरून ४०० फुटांचे घर १ कोटी ८० लाखांना पडते. कर्ज ७५ लाखांच्या वर जात असल्याने ७५ टक्केच मिळते, म्हणून स्वतःचे ४५ लाख, मुद्रांक शुल्क १० लाख ८० हजार, दलाली आणि बाकी खर्च धरून ६० लाखांच्या आसपास रोकड हवी. शिवाय महिना १ लाख १७ हजारांचा हप्ता. खार रोड स्टेशन १९२४ साली सुरू झाले आणि गावठाणाच्या आजूबाजूला शहर वाढत गेले. ज्यांची वस्ती आधीपासून होती त्यांच्याच मुलांना आज इथे बाजारभावाने घर घेणे जवळपास अशक्य झाले आहे. मला हे अतिशय अन्यायाचे वाटते. पण नियोजन करताना आकड्यांकडेच बघावे लागते, म्हणून पुढचा विचार ६० लाखांच्या उदाहरणावर करतो.

किंमत कुठे कमी होते

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २०२१पासून ती मिळते. आधी अशा घराची १५ वर्षे पुरुषाला विक्री करता येत नव्हती, ती अट २०२३मध्ये काढली गेली. आपल्या उदाहरणात ६० हजार वाचतात. नवऱ्याचे नाव मालक म्हणून जोडले की सवलत जाते. मात्र त्याचे उत्पन्न कर्जासाठी सहकर्जदार म्हणून धरता येऊ शकते, ते बँकेला आधी विचारून घ्या. दांड्यात घरचा व्यवहार बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतो. म्हावरं विकून पैसा तीच आणते. घरही तिच्या नावावर झाले तर पैसे वाचतात आणि न्यायही होतो.

बांधकाम चालू असलेले घर घेतले तर जीएसटी येतो. नेहमीच्या घराला ५ टक्के. ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ६४५ चौरस फुटांपर्यंत कार्पेट क्षेत्र असेल तर १ टक्का. या सीमारेषेवर नीट बघा. ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार कर, ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. बिल्डर पार्किंग किंवा इतर आकार जोडून किंमत ४५च्या वर नेत असेल, तर तो एक लाख तुम्हाला प्रत्यक्षात २ लाख ८५ हजारांना पडतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला आणि पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना एकीकडे भाडे आणि दुसरीकडे बँकेचे व्याज, असे दोन्ही भरावे लागते, तेही मोजा.

रेरा कायद्याने नोंदणीकृत विक्री करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशांतली ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर त्याची मुदत, त्यात झालेली वाढ, कर्जाचा बोजा आणि तक्रारी स्वतः वाचा. मुदत दोनदा वाढलेला प्रकल्प स्वस्त असला तरी मी घेणार नाही.

म्हाडाच्या सोडतीकडे दांड्यातल्या प्रत्येक तरुण कुटुंबाने लक्ष ठेवावे. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च. २०२४च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत या चार गटांची अनामत अनुक्रमे २५ हजार, ५० हजार, १ लाख आणि दीड लाख होती. नंबर लागला नाही तर ती परत येते. नंबर लागला तर मात्र किमतीचे हप्ते ठरलेल्या मुदतीत भरावे लागतात, म्हणून सोडतीत नाव घालण्याआधी स्वतःच्या हिश्शाचा मोठा भाग हाताशी हवा. नशिबाने मिळालेले घर पैशाअभावी सोडावे लागणे यासारखे दुःख नाही. कोकण मंडळाची विरार-बोळिंजची घरे सोडतीशिवाय, आधी येईल त्याला आधी या पद्धतीनेही विकली गेली आहेत, तिकडेही बघत राहा.

केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०मध्ये व्याजाचे अनुदान आहे. त्यात घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवे. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. देशात कुठेही पक्के घर नावावर नसले पाहिजे. ३५ लाखांची मर्यादा पाहता वसई-विरारच्या टोकाला किंवा कर्जत-बदलापूरकडेच हे जमते.

लांबच्या घराची किंमत मोजताना प्रवास विसरू नका. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे माल घ्यायला जाणाऱ्या बाईला वसईजवळच्या नायगावहून निघणे म्हणजे रोजची झोप गमावणे आहे. बोटीवर जाणाऱ्याला तर किनारा सोडताच येत नाही. अशा कुटुंबात दांड्याची खोली ठेवून विरारकडे घेतलेले घर भाड्याने देणे, किंवा नोकरी करणाऱ्या मुलाने तिकडे जाणे, हा मार्ग जास्त टिकतो. पण हे आधी ठरवा. राहण्याचे घर आणि भाड्याने द्यायचे घर यांची निवड वेगळी असते.

महिन्याला किती बाजूला टाकायचे

पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा दर ६.७ टक्के आहे. त्या दराने महिना १,००० रुपये भरले तर पाच वर्षांनी सुमारे ७१,३६६ मिळतात. २० लाखांसाठी महिन्याला सुमारे २८ हजार भरावे लागतील. पण पाच वर्षे घराची किंमत थांबत नाही. वर्षाला ५ टक्के वाढली तरी ६० लाखांचे घर ७६ लाख ६० हजारांवर जाते आणि तिसरा हिस्सा साडेपंचवीस लाख होतो. मग महिन्याला ३६ हजारांच्या जवळ लागतात. हा आकडा जड आहे. तो जमत नसेल तर छोटे घर, पुढचे स्टेशन किंवा सात वर्षांची मुदत यांपैकी एक आताच स्वीकारा. पाच वर्षांनी निराश होण्यापेक्षा हे बरे.

हंगामी कमाईला दर महिन्याचा सारखा हप्ता सोसत नाही. २८ हजारांचा हिशेब दहा महिन्यांत बसवायचा तर महिन्याला ३३,६०० पडतात. पोस्टाच्या खात्यात हप्ता चुकला की १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड लागतो आणि सलग चारपेक्षा जास्त हप्ते चुकले तर खाते बंद पडू शकते. मात्र हप्ते आगाऊ भरता येतात, सहा किंवा अधिक महिन्यांचे आगाऊ भरल्यास थोडी सूटही मिळते. म्हणून मे महिन्यात जून-जुलैचे हप्ते भरून टाका. ज्यांची आवक फारच कमी-जास्त असते त्यांनी चांगल्या महिन्यानंतर लगेच छोटी मुदत ठेव करावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात हात सैल असतो तेव्हाच मोठी रक्कम बाजूला पडते, शिमग्यापर्यंत थांबलात तर ती खर्चात विरते.

घर तीन-चार वर्षांत घ्यायचे असेल तर हा पैसा शेअर बाजारात ठेवू नका. नेमक्या त्या वर्षी बाजार पडला तर घर लांबते. आणि एकाच सहकारी बँकेत सगळी पुंजी ठेवू नका. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही निर्बंध आले, पुढे तिचे सारस्वत बँकेत विलीनीकरण झाले. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. २० लाख जमवायचे तर ते चार बँकांत किंवा घरातल्या वेगवेगळ्या नावांवर वाटून ठेवा. पोस्टातल्या पैशाला सरकारची हमी असते.

घरात कोणाला नोकरी असेल तर पीएफही उपयोगी पडतो. ऑक्टोबर २०२५मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नियम सैल करण्याचा निर्णय घेतला. १२ महिन्यांची नोकरी झाल्यावर, खात्यात २५ टक्के शिल्लक ठेवून बाकीची रक्कम काढता यावी असा त्याचा गाभा आहे. तरीही निवृत्तीसाठीचा हा पैसा सगळ्यात शेवटी हात लावायचा.

भिशी, सोने आणि हेवी डिपॉझिट

भिशीने दांड्यातल्या बायकांना बचतीची शिस्त लावली, हे मान्यच करायला हवे. पण ओळखीवर चालणाऱ्या भिशीत कोणी पैसे बुडवले तर दाद मागायला कागद नसतो, आणि घराच्या रकमेसाठी ती जोखीम फार मोठी आहे. भिशी चालू ठेवा, पण तिच्यात घरच्या बचतीचा छोटा हिस्साच असू द्या. नंबर लागला की रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरा.

सोने मोडायचे असेल तर बिले शोधून ठेवा आणि सोनाराकडून पैसे खात्यावर घ्या. गहाण ठेवून डाउन पेमेंट भरण्याचा मोह होतो, कारण दागिना जात नाही. पण सोनेतारण कर्जाचा हप्ता बँक तुमच्या उत्पन्नातून वजा करते आणि गृहकर्जाची रक्कम तेवढी कमी होते. अंगावर राहतील असे मोजके दागिने ठेवून बाकीचे विकणे मला जास्त सुरक्षित वाटते.

हेवी डिपॉझिटचा विचार थोडा थांबून करायला हवा. दांड्यात अनेक कुटुंबे घरमालकाला आठ-दहा लाख एकरकमी देऊन नाममात्र भाड्यावर राहतात. १० लाख ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ७० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपये मिळाले असते. त्याच खोलीचे भाडे १५ हजार असेल तर हेवी डिपॉझिटने महिन्याला ९,२०० वाचतात. हिशेबाने हा व्यवहार चांगला आहे, पण दोन अटींवर. वाचलेले ९,२०० खरोखर आवर्ती ठेवीत गेले पाहिजेत. आणि डिपॉझिट वेळेवर परत मिळाले पाहिजे. घरमालकाने ते पैसे बहुधा वापरलेले असतात आणि पुढचा भाडेकरू मिळाल्यावरच तो परत देतो. इकडे घर विकणारा दीड महिन्यात रक्कम मागतो. म्हणून डिपॉझिट बँकेतूनच द्या, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या आणि सूचना दिल्यापासून किती दिवसांत रक्कम परत द्यायची ते करारात लिहा. घर शोधायला लागण्याच्या चार-पाच महिने आधी घरमालकाला कल्पना द्या.

नातेवाइकांकडून मदत मिळत असेल तर तीही खात्यावरच घ्या. आई-वडील, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही. चुलत, मामे, आते, मावस भावंडे आणि मित्र मात्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडून वर्षात एकूण ५० हजारांहून जास्त भेट आली तर ती करपात्र ठरते. ती उसनी असेल तर तसे लिहून घ्या. २० हजार आणि त्यावरचे कर्ज रोखीने घेता येत नाही.

कागद साठवणे

४१,७०० रुपयांचा हप्ता मंजूर होण्यासाठी बँका साधारणपणे त्याच्या दुप्पट, म्हणजे महिन्याला ८३ हजार किंवा वर्षाला १० लाख उत्पन्न बघतात. ते घरातल्या दोघा-तिघांचे मिळून असले तरी चालते. धंदा करणाऱ्याकडून दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली जातात. मासेमारीचे किंवा मासळी विक्रीचे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही, ते करपात्र धंद्यात मोडते. कराच्या भीतीने विवरणपत्र न भरण्याची सवय दांड्यात जुनी आहे. आता ती भीती बाळगण्याचे कारण नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. नवरा आणि बायको वेगवेगळे विवरणपत्र भरू शकतात. ताज्या मासळीवर जीएसटीही नाही. खर्च वजा जाता जे खरे उरते ते दाखवा आणि दर वर्षी मुदतीत भरा. कर्जाच्या आधी तीन वर्षांची विवरणपत्रे एकदम भरलेली दिसली की बँकेला शंका येते.

हे केले नाही तर काय होते? बँक नाकारते आणि अंदाजी उत्पन्नावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडे जावे लागते. त्यांचा दर ११ टक्के धरला तर त्याच ४८ लाखांचा हप्ता ४९,५०० होतो. म्हणजे कागद नसल्याचा भुर्दंड महिन्याला जवळपास ८ हजार रुपये, आणि तो २० वर्षे.

यूपीआयने घेतलेले पैसे, डिझेल आणि बर्फाची बिले, मच्छीमार सोसायटीच्या पावत्या, बोटीचा परवाना, सगळे एका फाइलमध्ये ठेवा. रोख विक्रीतला ठरावीक भाग दर आठवड्याला खात्यात भरा. वर्षातून एकदा पतअहवाल मोफत मिळतो, तो काढून चुका दुरुस्त करून घ्या. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही त्यात दिसते.

कोळीवाड्यातले घर

काही जण दांड्यातच नोटरीच्या कागदावर खोली विकत घेतात. दर कमी असतो, किनारा जवळ असतो, माणसे ओळखीची असतात. पण स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पूर्ण होत नाही आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केले आहे. अशा खोलीवर बँक कर्ज देत नाही. म्हणजे सगळे पैसे तुमचे आणि मालकी कच्ची. वडिलोपार्जित घर असेल तर मालमत्ता पत्रकावर आजोबा-पणजोबांचे नाव आणि वारस अनेक, अशी स्थिती बऱ्याचदा असते. वारस नोंद करून घेणे आणि भावंडांत लेखी वाटणी करणे हे काम आज कमी खर्चात होते. पुनर्विकास दारात आला की ते भांडणाचे होते.

व्यवहाराच्या वेळी पैशांचा क्रम

आधी टोकन जाते. मग करार नोंदवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. त्यानंतर स्वतःच्या हिश्शाची उरलेली रक्कम, जिच्या पावतीला दलाल ओसीआर म्हणतात. ती दिल्यावरच बँक कर्जाचा धनादेश काढते. म्हणजे बँकेचा पहिला रुपया येण्याआधी तुमचे १६-१७ लाख गेलेले असतात. ते ठेवींत अडकले असतील तर मुदती त्याप्रमाणे जुळवा. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचे असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तुम्हाला भरावा लागतो. हा जादा खर्च नाही, पण भरला नाही तर व्याज आणि दंड तुमच्यावर येतो.

विकणारा काही रक्कम रोख मागेल. नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावरची रोख घेण्यावर बंदी आहे, रोखीच्या भागावर कर्ज मिळत नाही, आणि उद्या सौदा मोडला तर ती परत मागायला पुरावा नसतो. कर्जासोबत बँकेने पुढे केलेला एकरकमी विमाही सक्तीचा नसतो. विमा हवाच, पण मुदतीचा विमा बाहेरून स्वतंत्र घेतला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

टोकन देण्याआधी कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवा. टोकन ५० हजार ते लाखभर, धनादेशाने किंवा खात्यावरून द्या आणि पावतीत चार गोष्टी लिहून घ्या: एकूण किंमत, करार कोणत्या तारखेपर्यंत करायचा, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि मूळ कागद आणून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि टायटलमध्ये दोष निघाला किंवा बँकेने या घरावर कर्ज नाकारले तर टोकन किती दिवसांत पूर्ण परत मिळेल. ही चौथी ओळ लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला टोकन देऊ नका.